तालमीतून छापखान्यात

वसंतातली व्याख्याने म्हणजे बसून ऐकण्याचा उत्सव. १८७५ साली रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचे अनुकरण होत होत गावोगावच्या वाचनालयांच्या अंगणात उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंज्या पसरल्या जाऊ लागल्या. अशा बैठ्या समारंभात व्यायामाविषयी बोलणे म्हणजे एकादशीच्या दिवशी पंक्तीचे वर्णन करण्यासारखेच आहे. आणि आम्ही तर त्याच्याही पुढे एक पाऊल टाकून व्यायामाच्या पुस्तकांविषयी बोलणार आहोत. पुस्तक वाचून पोहणारा पाण्यात बुडतो, अशी आपल्याकडची समजूत आहे, आणि ती खोटी नाही. असे असूनही १८९५ ते १९५० या पन्नास-पंचावन्न वर्षांत बलोपासनेवरची पुस्तके युरोपात आणि महाराष्ट्रात जितकी निघाली आणि जितक्या आवडीने वाचली गेली, तितकी पूर्वी कधीच निघाली नव्हती. पुस्तकाने दंड फुगत नाही हे वाचणाऱ्यालाही कळत होतेच. मग तो त्या पुस्तकात काय शोधत होता? या एका प्रश्नाचा माग काढण्याचा आमचा विचार आहे.

पुस्तकांच्या अगोदर तालीम होती. आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळी न्यायचा, कोनाड्यातल्या मारुतीला नमस्कार करायचा, लंगोट कसायचा आणि तेल-ताक घालून मऊ केलेल्या लाल मातीत उतरायचे. कोपऱ्यात मुद्गल आणि करेल, मध्ये हौदा, एका बाजूला मलखांब. इथे शिक्षण चालते ते डोळ्यांनी आणि स्पर्शाने. वस्ताद फारसे बोलत नाही. पोऱ्याचा गुडघा चुकला तर तो पायाने सरळ करतो, मान ढिली राहिली तर तळहाताने दाबतो. डावाचे नाव कळायच्या आधी तो डाव पाठीवर बसलेला असतो. मलखांबाची सारी परंपरा ज्यांच्यापाशी जाऊन पोचते ते बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात होऊन गेले. त्यांनी आपल्या विद्येवर ग्रंथ लिहिल्याचे कोणी सांगत नाही. त्यांची विद्या शिष्यांच्या अंगात उतरली आणि शिष्यांच्या शिष्यांकडे गेली.

लिहिलेले काहीच नव्हते असे मात्र नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि त्यांचा सराव यांचे वर्णन आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेचे 'मल्लपुराण' आहे. ते १९६४ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाले. पण हे ग्रंथ शिकणाऱ्यासाठी नव्हते. पहिला राजाच्या करमणुकींचे वर्णन करतो, दुसरा एका जातीच्या व्यवसायाला पुराणाची प्रतिष्ठा देतो. मातीत उतरणाऱ्या पोराने त्यांतले पान उघडून कधी पट काढला नाही.

तालमीची ही विद्या जितकी खोल, तितकीच ती बंद होती. वस्ताद शेवटचा एक डाव राखून ठेवतो, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शिवाय मल्लविद्येला खुराक लागतो, वेळ लागतो आणि हे दोन्ही पुरवणारा आश्रयदाता लागतो. संस्थानिक ते पुरवीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभे केले, ते १९१२ साली पुरे झाले. देशोदेशीचे मल्ल तिथे लढले. पण इंग्रजी शाळेत जाणारा, परीक्षेच्या काळजीने वाळलेला, पुढे कचेरीत दहा ते पाच खुर्चीवर बसणारा जो नवा माणूस तयार होत होता, त्याला ना वेळ होता ना खुराक. तालमीत जाणे त्याच्या वडिलांना आवडत नसे. तिथे उनाड पोरे जमतात, असे पांढरपेशा घरांत उघड बोलले जाई. १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने हत्यार हातचे गेले होते, आणि १८९७ साली चाफेकर प्रकरण घडल्यावर तरुण मुले व्यायामासाठी एकत्र जमली तरी सरकारच्या कपाळाला आठी पडू लागली. आपण दुबळे आहोत आणि साहेब बळकट आहे, हे शल्य मात्र त्या माणसाच्या मनात रोज सलत होते. छापील पुस्तकाला गिऱ्हाईक मिळाले ते इथे.

पहिले मोठे नाव युजेन सँडो यांचे. १८६७ साली कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला हा पुरुष आरंभी रंगभूमीवर वजने उचलून दाखवीत असे. १८९७ साली त्यांचे बळ कसे मिळवावे हे सांगणारे इंग्रजी पुस्तक निघाले, पुढच्या वर्षी मासिक निघाले, आणि टपालाने शिक्षण देण्याची व्यवस्थाही झाली. १९०१ च्या सप्टेंबरात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल होते. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांच्या पुस्तकाची नवलाई कशात होती? त्यात लेखकाचे छायाचित्र होते. बळ ही जन्माने येणारी वस्तू नसून मापाने, तक्त्याने आणि नेमाने कमावता येणारी वस्तू आहे, असे ते छायाचित्र सांगत होते. लहानपणी आपण अशक्त होतो, असे सँडो सांगत. त्यात खरे किती आणि जाहिरात किती हा प्रश्न वेगळा. वाचणाऱ्या अशक्त मुलाला मात्र त्या एका वाक्याने आपल्या पंक्तीला बसवून घेतले. आतला व्यवहारही विसरता कामा नये. पुस्तकाबरोबर डंबेल्स, डंबेल्सबरोबर स्प्रिंगा, असा तो संसार वाढतच जाई.

दुसरे नाव डेन्मार्कच्या जे. पी. म्यूलर यांचे. त्यांचे 'माझी पद्धती' हे पुस्तक १९०४ साली निघाले आणि थोड्याच वर्षांत वीसहून अधिक भाषांत गेले. साधन नको, आखाडा नको, गुरू नको. रोज पंधरा मिनिटे, उघडी खिडकी, थंड पाणी आणि अंग घासणे, एवढ्यावर आरोग्य मिळते, असा त्यांचा दावा. म्यूलर हे पूर्वी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात निरीक्षक होते, म्हणून हवा आणि उजेड यांवर त्यांचा भर. प्रागच्या विमाकचेरीत काम करणारा फ्रान्झ काफ्का हा लेखक खिडकीपाशी उभा राहून म्यूलरचे व्यायाम करीत असे. आम्हाला हे उदाहरण फार बोलके वाटते. ज्याच्या लेखनात माणूस कचेऱ्यांच्या दालनांत हरवून जातो, तोच सकाळी पंधरा मिनिटे आपल्या शरीरापुरता मालक होण्याची खटपट करतो. व्यायामाच्या पुस्तकाचा खरा वाचक कोण, हे यावरून उमजते.

आता आपण साताऱ्याकडे वळू. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले आणि १९०९ मध्ये गादीवर आले. हा राजा चित्रकार होता, कीर्तन करणारा होता, आणि बलोपासक होता. आपल्या व्यायामाची हकीकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. सँडोची पुस्तके आणि साधने त्यांनी मागवून घेतली आणि दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. छाती रुंदावली, पण पोट आटोक्यात येईना. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार त्यांना नवे नव्हते. ते घरातच होते. परदेशी पुस्तक दहा वर्षे पाळून झाल्यावर घरातली वस्तू नव्या नजरेने दिसली, एवढेच. आपल्या आधुनिकतेचा बराचसा प्रवास याच वळणाने झाला आहे. इथे तो एका राजाच्या कमरेच्या मापावर दिसतो म्हणून अधिक स्पष्ट दिसतो.

१९२० ते १९३० या दशकात त्यांनी सूर्यनमस्कारांवर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली. त्यांची रीत दहा अवस्थांची. प्रत्येक अवस्थेत श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा रोखायचा, दृष्टी कुठे ठेवायची, बीजमंत्राचा उच्चार कसा करायचा हे सारे क्रमाने सांगितलेले आणि चित्रांनी दाखवलेले. आता हे पुस्तक सँडो आणि म्यूलर यांच्या शेजारी ठेवून पाहावे. छायाचित्र सँडोचे, विनासाधन आणि विनाखर्च ही प्रतिज्ञा म्यूलरची, आणि आशय आपल्या देवघरातला. राजाने तालमीला फाटा दिला. दोन हात रुंद आणि माणूसभर लांब जागा मिळाली की काम भागते. नवरा-बायको, मुले, म्हातारी माणसे साऱ्यांनी तो करावा, असा त्यांचा आग्रह. औंध संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू झाले. औंधमध्येच पं. सातवळेकरांचा स्वाध्याय मंडळ आणि त्यांची व्यायाम व आसनांवरील पुस्तके होती. त्याच संस्थानात किर्लोस्करवाडी होती, आणि तिथून १९२० पासून निघणारे मासिक मराठी मध्यमवर्गाच्या घराघरात नव्या राहणीचा प्रचार करीत होते. एका लहानशा संस्थानाच्या पोटात छापखाने, मासिक, पंडित आणि राजा असे सारे एकत्र आल्यावर पुस्तकाला पंख फुटले नसते तरच नवल. १९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी राजांचे लेखन इंग्रज वाचकांसाठी संपादित केले आणि लंडनच्या डेंट या प्रकाशकांनी ते छापले. सँडोचे पुस्तक लंडनहून औंधला आले होते. चाळीस वर्षांनी औंधचे उत्तर लंडनला पोचले.

एखादी चळवळ समाजात किती मुरली आहे हे पाहायचे असेल तर तिची थट्टा होते की नाही ते पाहावे. १९३३ साली आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' हे नाटक बालमोहन मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातले रावबहादूर नमस्कारांच्या वेडाने इतके झपाटलेले की जगातल्या साऱ्या दुखण्यांवर त्यांच्यापाशी हा एकच उतारा. प्रेक्षक पोट धरधरून हसले, कारण प्रत्येकाच्या वाड्यात असा एखादा रावबहादूर होताच. पण हसणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गुपचूप बारा नमस्कार घालीत असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या मते अत्र्यांची थट्टा एका मर्मावर बरोबर बसते. पुस्तकातून आलेल्या व्यायामाला वस्तादाचा चाप नसतो. तालमीत वेडेपणा करणाऱ्याला मातीच शहाणे करते. घरात एकट्याने व्यायाम करणारा मात्र स्वतःच स्वतःचा वस्ताद होतो, आणि मग त्याला ना आपली चूक दिसते ना आपला अतिरेक.

सूर्यनमस्कार प्राचीन की अर्वाचीन, असा वाद आता अभ्यासकांत चालतो. मार्क सिंगलटन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या योगासनांच्या इतिहासावरील पुस्तकात औंधच्या या उद्योगाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. सूर्याला दंडवत घालणे जुने आहे, यात शंका नाही. पण मोजलेल्या अवस्थांचा, मोजलेल्या श्वासांचा, शाळेच्या मैदानावर शेकडो मुलांनी एका हुकमावर करायचा जो नमस्कार आपण ओळखतो, त्याला हे रूप विसाव्या शतकात पुस्तकाने आणि शाळेने दिले. हे कबूल केल्याने त्याचे मोल कमी होते असे आम्हाला वाटत नाही. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. बीजमंत्रांसह घातलेला नमस्कार हा व्यायाम मानायचा की उपासना? राजांपुरते या दोन्हींत अंतर नव्हते. पण सक्तीच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले येतात, तिथे हे अंतर पडतेच. आणि हा प्रश्न आजही शाळांच्या दारात अधूनमधून येऊन उभा राहतो. घरात वाचलेले पुस्तक मिटून ठेवता येते, शाळेतली सक्ती मिटून ठेवता येत नाही. एक गोष्ट मात्र राजांच्या पदरात टाकलीच पाहिजे. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. प्रजेने आधी आपल्या शरीराचे राज्य करावे आणि मग मुलखाचे, असा क्रम त्यांच्या मनात असेल, तर तो चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही.

औंधने एक व्यायाम साऱ्यांना दिला. बडोद्याने सारे व्यायाम एका जागी आणण्याचा संकल्प केला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी चालवली आणि देशी हुकमांवर सांघिक कवायत बसवली. याच शहरात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' या मराठी ग्रंथाचे संपादन हाती घेतले. पहिला खंड १९३६ साली निघाला, दहावा १९४९ साली. या तेरा वर्षांत महायुद्ध झाले, कागदाची टंचाई झाली, देश स्वतंत्र झाला आणि खुद्द बडोदे संस्थान विलीन झाले. कोशाचे काम मात्र थांबले नाही. कुस्तीचे डाव, मलखांबाच्या उड्या, लाठी, बोथाटी, फरीगदगा, देशी आणि विदेशी खेळ, यांची वर्णने आणि चित्रे या खंडांतून साठवली गेली. १९५० मध्ये याचेच सार म्हणावे असा एक इंग्रजी खंडही बडोद्याहून निघाला.

सँडो, म्यूलर आणि पंतप्रतिनिधी यांची पुस्तके वाचकाला सांगतात, ऊठ आणि कर. ज्ञानकोश वाचकाला सांगतो, हे असे होते, विसरू नकोस. वस्ताद म्हातारे होत होते, संस्थानांचा आश्रय आटत होता, तालमीच्या जागांवर इमारती उठत होत्या. जी विद्या शिष्याच्या पाठीवर लिहायची ती कागदावर लिहून ठेवण्याची पाळी का आली, याचे उत्तर या दहा खंडांच्या जाडीत आहे. कोश तयार होतो तो विद्या भरात असताना क्वचितच. बहुधा ती हातची जाऊ लागल्यावर. आणि तरीही, डावाची चार चित्रे काढली म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मधली जी पापणी लवण्याइतकी वेळ असते, ज्या वेळेत खरा डाव बसतो, ती चित्रात येत नाही. हे बाळंभटदादांना ठाऊक होते, आणि आमची अशी खात्री आहे की कोशाच्या संपादकांनाही ठाऊक होते. तरी त्यांनी दहा खंड काढले. अपुरे का होईना, पण लिहून ठेवलेले बरे, हा तो निश्चय होता.

या काळातल्या आणखी एका जातीच्या पुस्तकांकडे साहित्याच्या इतिहासकारांचे लक्षच जात नाही; ती म्हणजे नियमांची पुस्तके. हुतूतू प्रत्येक गावात खेळला जाई आणि प्रत्येक गावात निराळा. कुठे मेलेला गडी पुन्हा उठे, कुठे नाही; पाळी कुठे चाले, दम कुठे धरायचा, यावर डोकी फुटत. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. त्याने आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने खो-खो व हुतूतू यांना नियमांत बसवण्याचे काम केले. १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते पुढे नेले. बारीक टायपातली ही चार-सहा आण्यांची पुस्तके. पण त्यांच्यामुळे साताऱ्याचा गडी अमरावतीच्या गड्याशी भांडण न करता खेळू शकला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे, म्हणजे १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या संस्थेचे, पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि आपले देशी खेळ त्याने परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखवले. नियम छापले गेले नसते तर हा प्रवास झाला नसता.

लोणावळ्याला याच सुमारास तिसरा प्रयत्न चालू होता. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, तरुणपणी बडोद्यास माणिकरावांच्या हाताखाली शिकले होते. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. आसनाने शरीरात काय घडते ते श्रद्धेने न सांगता क्ष-किरणांनी आणि मोजमापाच्या उपकरणांनी पाहायचे, अशी त्यांची प्रतिज्ञा. वस्तादाचा शब्द, राजाचे उदाहरण आणि प्रयोगशाळेचा आकडा असे तीन प्रकारचे आधार महाराष्ट्राने एका पिढीत अनुभवले, ते असे.

इथपर्यंतची कहाणी ऐकून असे वाटेल की पुस्तकाने तालमीचे दार उघडले आणि सारे आत आले. पण दाराबाहेर कोण उभे होते हे सांगणारे एक पुस्तक वाचल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही. ते पुस्तक म्हणजे पालवणकर विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन'. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. विठ्ठल हे चर्मकार कुटुंबातले. त्यांचे वडीलबंधू बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज; पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखता राखता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत ते तयार झाले. हिंदू संघाला त्यांचा हात हवा होता, पण त्यांचा कप नको होता. मैदानावर एकाच चेंडूला साऱ्यांचे हात लागत, आणि चहाच्या वेळी बाळूंना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले नाही. ते आले १९२३ मध्ये धाकट्या बंधूंच्या, विठ्ठल यांच्या वाट्याला, आणि त्या वर्षी हिंदू संघ मुंबईचे चौरंगी सामने जिंकला.

विठ्ठल यांचे पुस्तक 'ऊठ आणि कर' असे सांगत नाही, 'हे असे करावे' असेही सांगत नाही. ते सांगते, आम्ही असे खेळलो आणि आमच्याशी असे वागले गेले. सँडोच्या पुस्तकाने अशक्त मुलाला आश्वासन दिले होते की बळ कमावले म्हणजे मान मिळतो. पालवणकर बंधूंनी बळ कमावले, कौशल्य कमावले, विजय मिळवून दिले. मान त्यानंतरही पंचवीस-तीस वर्षे वाट पाहायला लावून आला, आणि तोही भांडून. व्यायामाच्या पुस्तकांचा एक कप्पा आपण मनात करतो, त्यात हे पुस्तक सर्वांत वरच्या फळीवर असावे, असे आमचे मत आहे. कारण शरीर घडवण्याचा सारा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न इतर पुस्तके गृहीत धरतात, आणि हे पुस्तक तो उघडा करते.

मोकळ्या हवेतल्या भ्रमंतीवरचे मराठी लेखन या साऱ्यापेक्षा निराळे, पण त्याच घराण्यातले. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड-किल्ले पायांनी तुडवले आणि त्या चालण्याचे सार १९८३ च्या 'दुर्गभ्रमणगाथा' या पुस्तकात दिले. त्यात श्वासाचा हिशोब नाही, अवस्थांची चित्रे नाहीत. पण ते वाचून किती तरी तरुण पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीत गेले. त्यांना तिथे वस्ताद भेटला तो म्हणजे खुद्द कडा. पुस्तकाने माणसाला उठवावे आणि मग बाजूला व्हावे, याचा याहून चांगला दाखला आम्हाला सापडत नाही.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. वाचक या पुस्तकांत काय शोधत होता? आम्हाला वाटते, तो परवानगी शोधत होता. तालमीत जाण्याची ज्याला मुभा नव्हती असा कारकून, ज्यांना अंगणात उडी मारण्याचीही मुभा नव्हती अशा बायका, ज्याला चहाच्या मंडपात यायची मुभा नव्हती असा खेळाडू, या साऱ्यांना छापील पानाने कमीअधिक प्रमाणात सांगितले की तुझे शरीर तुझे आहे. ही देणगी लहान नव्हे. तिच्या बदल्यात काही गेले, तेही खरे. वस्तादाची नजर गेली, मातीतली सोबत गेली, दोन माणसांनी एकमेकांचे वजन अंगावर घेऊन जे शिकायचे ते गेले.

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिन होतो आणि हजारो माणसे एका वेळी आसने करतात. व्यायाम शिकवणारी हलती चित्रे आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहेत; सँडोचे छायाचित्र, म्यूलरची पंधरा मिनिटे आणि राजांच्या दहा अवस्था त्यांत नव्या वेषाने वावरताना दिसतात. साधन बदलले, तरी उणीव तीच आहे. पडद्यावरचा शिक्षक आपला चुकलेला गुडघा पाहू शकत नाही.

म्हणून आमची श्रोत्यांना दोन साध्या सूचना आहेत. आपल्या गावच्या वाचनालयात 'व्यायाम ज्ञानकोशा'चा एखादा खंड असेल तर तो एकदा काढून पाहावा. आणि त्यातला एखादा डाव, एखादी उडी, एखादा खेळ ज्याला अजून अंगाने येतो असा म्हातारा माणूस आपल्या पेठेत आहे का, याची चौकशी करावी. सापडला तर खंड त्याच्यापुढे ठेवावा आणि शेजारी एक लहान मूल बसवावे. म्हातारा बहुधा चित्राकडे पाहून हसेल, 'हे असे नव्हे' म्हणेल आणि हात पुढे करील. तो हात मुलाच्या खांद्यावर पडला, म्हणजे पुस्तकाचे काम झाले असे समजावे.